'यासी'च्या सूचीत सोलापूर कुठे सापडते?

शोधयंत्र प्रश्न विचारल्याक्षणी इंटरनेट धुंडाळत नाही. ते आधीच तयार करून ठेवलेली एक सूची चाळते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते आणि प्रत्येक शब्दापुढे पानांचे आकडे असतात. इथे तीच गोष्ट प्रचंड प्रमाणावर केलेली असते, आणि पानांच्या आकड्यांच्या जागी संकेतस्थळांचे पत्ते असतात. नेहमीच्या वापरातल्या शोधयंत्रांची सूची एकेका कंपनीच्या मालकीच्या संगणकांवर असते. कोणते पान सूचीत घ्यायचे, कोणते वर दाखवायचे आणि कोणी काय शोधले याची नोंद किती दिवस ठेवायची, हे ती कंपनीच ठरवते.

'यासी' या मुक्तस्रोत शोधयंत्रात ही सूची वापरणाऱ्यांच्या संगणकांत वाटून ठेवलेली असते. जर्मनीतील मायकेल क्रिस्टन यांनी २००३ मध्ये या कामाला सुरुवात केली. जावा भाषेत लिहिलेली ही आज्ञावली जीपीएल परवान्याखाली कोणालाही वापरता येते, तपासता येते आणि बदलता येते. नोव्हेंबर २०११ मध्ये तिची १.० ही आवृत्ती आली. त्या वेळी ती चालवणाऱ्यांच्या जाळ्यात सहाशेच्या आसपास संगणक होते आणि सूचीत सुमारे १.४ अब्ज कागदपत्रांची नोंद होती. मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत हा आकडा लहान होता. पण कोणाही एकाच्या मालकीचे नसलेले शोधयंत्र उभे राहू शकते, हे त्याने दाखवून दिले.

कुणी 'यासी'त 'नान्नज माळढोक' असे दोन शब्द टाकले, तर काय घडते? त्याआधी जाळ्यातल्या कोणत्या तरी संगणकाने सोलापूरजवळच्या नान्नज इथल्या माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्याविषयीची पाने वाचलेली असतात. वाचताना प्रत्येक शब्दापासून गणिती रीतीने बारा चिन्हांचा एक संकेत तयार होतो. त्याला हॅश म्हणतात. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकालाही असाच बारा चिन्हांचा संकेत असतो. शब्दाचा संकेत ज्या संगणकांच्या संकेताजवळ पडतो, त्यांच्याकडे त्या शब्दाची सूची रवाना होते. एखादा संगणक बंद पडला तर सूची हरवू नये म्हणून ती एकाहून अधिक ठिकाणी ठेवतात. एकाच शब्दाचा सगळा भार एकावर येऊ नये म्हणून पानांच्या पत्त्यांनुसार तिचे तुकडेही पाडतात. त्यामुळे 'नान्नज' एका संगणकाकडे आणि 'माळढोक' दुसऱ्याकडे असू शकते. दोन्ही शब्द असलेली पाने हवी असतील, तर दोन याद्यांतल्या सामायिक नोंदी काढाव्या लागतात. वाटून घेतलेल्या शोधयंत्राचा बराच वेळ इथे जातो. उत्तर दाखवण्यापूर्वी 'यासी' मूळ पान पुन्हा उघडून त्यात तो शब्द खरोखर आहे का, हेही पाहू शकते. खोट्या नोंदी घुसवणाऱ्यांना त्यामुळे आळा बसतो.

काळाच्या ओघात या रचनेत बरेच बदल झाले. सुरुवातीला सूची साठवण्याची व्यवस्था पूर्णपणे स्वतःची होती. पुढे तिच्या जोडीला सोलर ही मुक्तस्रोत शोधप्रणाली आत बसवण्यात आली आणि शब्दाऐवजी संपूर्ण कागदपत्राची नोंद ठेवणे शक्य झाले. तारीख, भाषा, संकेतस्थळ यांनुसार उत्तरे गाळणे त्यामुळे सोपे झाले. याची एक किंमतही मोजावी लागली. जुन्या पद्धतीत दुसऱ्या संगणकाकडे शब्दाचा संकेत जात असे. सोलरच्या मार्गाने विचारताना प्रश्न उघड शब्दांत जातो. खासगीपणासाठी 'यासी'कडे वळणाऱ्याने हा फरक समजून घेतलेला बरा. पुढच्या काळात संगणकांमधला संवाद कूटबद्ध करण्याची सोय झाली. विकिपीडियाचा संपूर्ण साठा तर सूचीत घेता येतोच. वेबपानांच्या संग्रहासाठी वापरल्या जाणाऱ्या 'वार्क' फायली आणि इंटरनेटविना वाचनासाठी बांधलेल्या 'झिम' फायलीही आता आत घेता येतात. अलीकडची भर भाषिक प्रारूपाची (लँग्वेज मॉडेलची) आहे. स्वतःच्याच संगणकावर चालणाऱ्या प्रारूपाला 'यासी'तली शोधफळे पुरवून त्यांच्या आधारे उत्तर लिहून घेता येते.

मराठीसाठी मात्र खरी अडचण या सगळ्या बदलांहून जुनी आहे आणि ती व्याकरणात आहे. हॅशला शब्दाचा अर्थ कळत नाही. एक मात्रा बदलली तरी संकेत पूर्णपणे बदलतो आणि शब्द जाळ्याच्या दुसऱ्याच टोकाला जाऊन पडतो. इंग्रजीत शहराचे नाव सहसा आहे तसेच राहते. मराठीत ते सोलापूर, सोलापूरला, सोलापुरात, सोलापूरहून, सोलापुरी, सोलापूरकर अशा अनेक रूपांत येते. नुसता प्रत्यय काढून टाकूनही भागत नाही. 'सोलापुरात'मधून 'ात' काढला की उरते 'सोलापुर', कारण सामान्यरूप होताना मूळ शब्दातला दीर्घ 'पू' ऱ्हस्व झालेला असतो. हा नियम माहीत नसलेले यंत्र 'सोलापूर' शोधणाऱ्याला 'सोलापुरात'ची पाने दाखवणार नाही.

डोळ्यांना न दिसणारा आणखी एक गुंता लिपीचा आहे. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. कुणाचा कळफलक नुक्ता असलेला 'ऱ' वापरतो, तर कुणाचा साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. छापील रूप एकसारखे दिसते. संकेत मात्र वेगळे निघतात. कांद्याच्या बाजारभावाविषयीची दोन पाने केवळ यामुळे एकमेकांपासून तुटू शकतात. सूचीत जाण्यापूर्वी अशी रूपे एकसारखी करून घेणे हा साधा उपाय आहे, पण तो कुणीतरी मराठी डोळ्यांनी तपासायला हवा.

या प्रश्नावर अभ्यास झालेला नाही असे नाही. भारतीय भाषांतील माहितीशोधाच्या मूल्यमापनासाठी २००८ पासून 'फायर' हा उपक्रम चालू आहे. त्यासाठी 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'सकाळ' यांतील सुमारे ९९ हजार बातम्यांचा मराठी संग्रह तयार झाला. त्यावरच्या प्रयोगांत शब्दांचे प्रत्यय काढून शोध घेतला, तर मराठीत उत्तरे लक्षणीय सुधारतात असे दिसले. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून उभारलेल्या 'संधान' या पर्यटनविषयक शोधयंत्रातही मराठी होती. ज्ञान उपलब्ध आहे; ते लोकांच्या हातातल्या मुक्तस्रोत साधनांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही.

सोलापुरात 'यासी' चालवायला वेगळी यंत्रसामग्री लागत नाही. जावा असलेला साधा संगणक पुरतो, आणि ब्राउझरमध्ये ८०९० या पोर्टवर नियंत्रणाचे पान उघडते. अडचण जोडणीची येते. मोबाईल इंटरनेट आणि अनेक घरगुती जोडण्यांमध्ये बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. त्यामुळे बाहेरच्या संगणकांना आतला संगणक गाठता येत नाही. अशा संगणकाला 'यासी' 'ज्युनिअर' म्हणते. तो इतरांना सूची पाठवू शकतो, पण त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ शकत नाही. ज्याला बाहेरून गाठता येते तो 'सीनिअर'. महाविद्यालयातील किंवा ग्रंथालयातील सार्वजनिक पत्त्याचा एक संगणक त्यामुळे घरगुती जोडणीवरच्या अनेक संगणकांहून अधिक मोलाचा ठरतो.

जाळ्यात सामील न होताही 'यासी' चालते. तिच्या 'रॉबिन्सन' पद्धतीत संगणक फक्त आपलीच सूची सांभाळतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरातील एखाद्या ग्रंथालयाला आपल्या चारही भाषांतील संगणकीय साहित्याचे शोधयंत्र अशा रीतीने स्वतःच्या इमारतीत उभारता येईल. कोणते पान वर दिसावे याचे निकषही तिथला ग्रंथपाल ठरवू शकेल.

सामान्यरूपाच्या अडचणीवरही 'यासी'त एक वाट आहे. तिला समानार्थी शब्दांची साधी मजकूर फाईल देता येते. एका ओळीत स्वल्पविरामांनी तोडून शब्द लिहायचे. त्यांतला एक शब्द पानात आढळला की ते पान उरलेल्या शब्दांखालीही नोंदले जाते. 'सोलापूर, सोलापुरात, सोलापुरी' ही अशीच एक ओळ होऊ शकते, 'चादर, चादरी, चादरीचा, चादरींचे' ही दुसरी. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या मराठीच्या शिक्षकालाही हे काम जमेल, आणि संगणकाच्या विद्यार्थ्याला नियमांवरून हजारो ओळी तयार करता येतील. सोलापूरच्या महाविद्यालयांतील मराठी आणि संगणक विभागांनी एकत्र बसून ही फाईल तयार करावी आणि सर्वांसाठी खुली ठेवावी.