ऑल-स्टार सामन्यात मजा येते कशाने?

अमेरिकेतली एनबीए ही बास्केटबॉलची सर्वात मोठी व्यावसायिक लीग. तिथे मोसमाच्या मध्यात, साधारण फेब्रुवारीत, ऑल-स्टार सामना होतो. चाहत्यांची मतं आणि प्रशिक्षकांची पसंती यांतून निवडलेले नामवंत खेळाडू एकाच कोर्टवर उतरतात. आता एवढे मोठे खेळाडू एकत्र आले म्हणजे सामना जबरदस्तच व्हायला हवा ना? पण बरीच वर्षं उलटंच होत आलं आहे.

२०२४ चा सामनाच पाहा. ईस्ट २११, वेस्ट १८६. अठ्ठेचाळीस मिनिटांत ३९७ गुण! आकडा विक्रमी, पण पाहणाऱ्यांना काही मजा आली नाही. कारण बचाव कोणी करतच नव्हतं. समोरचा खेळाडू बास्केटकडे निघाला की त्याला वाट मोकळी. त्याच्या आदल्या वर्षी तर एका संघाचे प्रशिक्षक मायकल मलोन यांनीच हा आजवरचा सर्वात वाईट सामना असल्याचं उघड सांगितलं होतं.

यात सगळा दोष खेळाडूंचा, असं आम्हाला वाटत नाही. मोसमात प्रत्येक संघाला ८२ सामने खेळायचे असतात. ऑल-स्टारचा निकाल गुणतक्त्यात धरला जात नाही. मग इथे जीव तोडून खेळून पाय मुरगळून कोण घेईल? गंमत म्हणून खेळायला बोलावलं, तर ते गंमत म्हणूनच खेळणार.

अपवाद घडला तो २०२० मध्ये, शिकागोत. त्या वेळी चौथ्या क्वार्टरचं घड्याळच काढून टाकलं. पुढे असलेल्या संघाच्या गुणांत २४ मिळवायचे, तो आकडा आधी गाठेल तो विजेता. २४ हा कोबी ब्रायंटचा क्रमांक. महिनाभरापूर्वीच हेलिकॉप्टर अपघातात त्याचं निधन झालं होतं. तीन क्वार्टरनंतर गुण होते १३३-१२४, म्हणजे लक्ष्य १५७. मग काय, तेच खेळाडू अंगावर धावून बचाव करू लागले, पंचांशी हुज्जत घालू लागले. शेवटी लेब्रॉन जेम्सचा संघ १५७-१५५ असा जिंकला, तोही अँथनी डेव्हिसच्या एका फ्री थ्रोवर. शिवाय प्रत्येक क्वार्टरच्या निकालावर शिकागोतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मदत मिळणार होती.

लक्ष्य ठेवून सामना संपवायची ही युक्ती निक एलम यांची. ते ओहायोतल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. शिक्षकाच्या डोक्यातली कल्पना थेट एनबीएपर्यंत पोहोचली, याचं आम्हाला विशेष कौतुक वाटतं.

अर्थात एकच उपाय कायम पुरतो असंही नाही. २०२३ मध्येही असंच लक्ष्य होतं, तरी निकाल लागला १८४-१७५. २०२५ मध्ये चार संघ करून ४० गुणांचे छोटे सामने ठेवले, तेव्हा खेळ कमी आणि मधले कार्यक्रमच जास्त, अशी ओरड झाली. २०२६ साठी अमेरिकेचे दोन संघ आणि बाकी जगाचा एक, अशी मांडणी केली. विचार तोच: खेळाडूला कोणासाठी तरी खेळतोय असं वाटायला हवं.

रोषणाई, गाणी, पाहुणे यांनी सोहळा सजतो. सामना मात्र तेव्हाच रंगतो, जेव्हा खेळणाऱ्याला हरणं खरोखर टोचतं. आपल्याकडेही गावोगावी, शाळाशाळांत प्रदर्शनी सामने भरतात. भरवणाऱ्यांनी मंडपाआधी याचा विचार करायला हरकत नाही: हरलं तर वाईट वाटावं, असं यात काय आहे?