हृदयालेखातील रव

चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ हृदयाचा विद्युत आलेख नोंदवत राहणाऱ्या, अंगावर बाळगता येणाऱ्या यंत्राला होल्टर मॉनिटर म्हणतात. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या हेलेना शहराचे रहिवासी असलेले नॉर्मन होल्टर यांच्यावरून हे नाव पडले. त्यांचे १९४० च्या दशकातील आरंभीचे उपकरण सुमारे ३८ किलोग्रॅम वजनाचे असून पाठीवर वाहावे लागे. पुढे हे वजन गेले, तरी रव, म्हणजे मूळ संकेतात मिसळणारे परके विद्युत चढउतार, मात्र राहिला, कारण रुग्ण हिंडताफिरता असणे हीच या तपासणीची अट आहे.

त्वचेवर पोहोचणारा हृदयाचा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. घरगुती विजेची गुणगुण भारतात ५० हर्ट्झ या एकाच वारंवारतेवर असल्यामुळे तेवढीच पट्टी वगळणाऱ्या गाळणीने ती बव्हंशी निघून जाते. श्वासाबरोबर आलेखाची आधाररेषा संथपणे वरखाली होते, आणि तीही गाळता येते. परंतु गाळणी अविचाराने कडक केली, तर ठोक्यानंतरचा एसटी हा भाग वाकडा उमटून हृदयस्नायूला रक्त कमी पडत असल्याचा खोटा भास होऊ शकतो. स्नायूंच्या हालचालीतून उठणारा रव अधिक विस्कळीत असतो. सर्वांत फसवा रव मात्र संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडखालची त्वचा ताणली गेल्याने निर्माण होतो, कारण त्याची वारंवारता हृदयसंकेताच्याच पट्ट्यात पडते आणि त्याचा आकार कधीकधी अनियमित ठोक्यासारखा दिसतो, त्यामुळे गाळणीला दोहोंत निवड करता येत नाही.

या अडचणीवर १९८४ मध्ये मूडी, मल्ड्रो आणि मार्क या संशोधकांनी काहीसा उफराटा मार्ग धरला. हालचाल करणाऱ्या स्वयंसेवकांच्या हातापायांवर, हृदयाचा संकेत दिसणार नाही अशा जागी, इलेक्ट्रोड लावून त्यांनी निव्वळ रवच नोंदवला आणि तो स्वच्छ आलेखांत मोजून मिसळला. मूळ ठोके आधीच ठाऊक असल्याने आलेखातील ठोके ओळखणाऱ्या संगणकाने किती ठोके हुकवले आणि किती नसलेले मोजले, हे त्यातून तपासता येऊ लागले.

तरीही त्वचेच्या रवावरचा खरा इलाज गणितापेक्षा छातीवरच अधिक आहे. केस काढून, त्वचेचा वरचा मृत थर हलकेच घासून इलेक्ट्रोड चिकटवला आणि तारेला थोडी ढील देऊन तिचा वेढा चिकटपट्टीने बसवला, की चालताना बसणारा ताण त्या वेढ्यातच जिरतो आणि इलेक्ट्रोडखालची त्वचा फारशी ओढली जात नाही.