पतंग अंतराळात, प्रश्न आपल्या घरात

अंतराळस्थानकात पतंग उडवला तर काय होईल? मे २०२३ मध्ये सौदी अरेबियातील शाळकरी मुलामुलींपुढे हा प्रश्न होता. उत्तर शोधायला रैयाना बरनावी आणि अली अल-करनी हे दोन सौदी अंतराळवीर पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गेले होते.

त्यांची ‘ॲक्झिऑम-२’ ही मोहीम खासगी होती. ॲक्झिऑम स्पेस ही अमेरिकन कंपनी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या सफरीची व्यवस्था करते. सौदी सरकारने या दोघांना तिच्यामार्फत पाठवले. अशा मोहिमांना ‘श्रीमंतांची सहल’ म्हटले जाते, आणि खर्च पाहता हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. म्हणूनच वर गेलेल्यांनी काय पाहिले यापेक्षा खाली राहिलेल्यांच्या पदरात काय पडले, हे पाहायला हवे असे आम्हाला वाटते.

बरनावी मुळात कर्करोगाच्या संशोधक. स्थानकावर त्यांनी मानवी रोगप्रतिकारक पेशी दाहाला कसा प्रतिसाद देतात, याचा अभ्यास केला. कृत्रिम पावसाशी संबंधित एक प्रयोगही मोहिमेत होता. वाळवंटी देशाला पावसाचे मोल वेगळे सांगायला नको. सौदीच्या एकूण १४ प्रयोगांपैकी ३ खास विद्यार्थ्यांसाठी होते: पतंग, रंगीत द्रव आणि उष्णता. ४२ ठिकाणचे सुमारे १२,००० विद्यार्थी त्यांत सामील झाले. जो प्रयोग वर, तोच खाली शाळेत. मग दोन्हींची तुलना. मुले इथे नुसती प्रेक्षक राहिली नाहीत.

२०२५ मध्ये ‘ॲक्झिऑम-४’ मोहिमेतून गेलेले आपले शुभांशु शुक्ला यांनीही स्थानकावर मूग आणि मेथीला मोड आणले. आपल्या स्वयंपाकघरातलेच हे दाणे!

सौदीचे शहजादे सुलतान बिन सलमान १९८५ मध्ये अंतराळात गेले. पहिली सौदी महिला तिथे पोहोचायला त्यानंतर ३८ वर्षे लागली. बरनावी एका उड्डाणाने घडल्या नाहीत. न्यूझीलंडमध्ये पदवी, रियाधमध्ये पुढचे शिक्षण आणि मग प्रयोगशाळेतली कित्येक वर्षे, असा तो रस्ता आहे. आपल्याकडे मात्र दहावीला उत्तम गुण मिळवलेल्या मुलीला ‘सायन्स कशाला? कॉलेज लांब आहे, खर्च आहे, पुढे लग्नच तर करायचंय’ असे ऐकवणारी घरे आजही आहेत. इल्म मिळवणे मुलालाही फर्ज आहे आणि मुलीलाही. आकाश आणि जमिनीच्या रचनेवर विचार करायला कुरआन वारंवार सांगतो, तेही फक्त मुलग्यांना नव्हे.

अंतराळात जाणे फार थोड्यांच्या नशिबी असते. प्रयोग मात्र आज रात्रीही करता येईल. काचेच्या एका ग्लासात थंड पाणी घ्या, दुसऱ्यात गरम. दोन्हींत खाण्याच्या रंगाचा एकेक थेंब टाका. गरम पाण्यात रंग लवकर पसरेल. असे का होते, हे आधी मुलांनाच सांगू द्या. मग विचारा: जिथे वजनच जाणवत नाही, तिथे हा थेंब कसा पसरेल?

मुलगी उलट प्रश्न विचारू लागली, तर तिला गप्प करू नका. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी तिचा तो प्रश्न आठवला, तरी पुष्कळ झाले.