वेषांतराच्या गोष्टी : बृहन्नडेच्या बांगड्या, सैरंध्रीचे घट्टे

गेल्या आठवड्यात आपण ओडिसियसच्या वाड्यात होतो. भिकाऱ्याच्या वेषातल्या त्याचे पाय धुताना म्हाताऱ्या दाईचा, युरिक्लेइयाचा, हात गुडघ्याच्या वरच्या जुन्या व्रणावर पडतो, पाय हातातून सुटतो, भांडे कलंडते आणि पाणी जमिनीवर सांडते. वीस वर्षांनी परतलेल्या मालकाला ती चेहऱ्यावरून ओळखत नाही. ओळख पटते ती रानडुकराच्या सुळ्याने कधीकाळी झालेल्या जखमेमुळे. कपडे बदलता येतात, चालीरीत बदलता येते, पण शरीरावर आयुष्याने काढलेल्या खुणा सहजी पुसता येत नाहीत.

हे महाभारतकारांनाही पक्के ठाऊक होते. त्यामुळे विराटपर्वात शिरल्या शिरल्या अर्जुन आपल्या हातांची चिंता करताना दिसतो.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बारा वर्षांचा वनवास संपला, आता तेरावे वर्ष अज्ञातवासाचे. या वर्षात कोणी ओळखले तर पुन्हा बारा वर्षे वनात. पाच भाऊ आणि द्रौपदी बसून ठरवतात, कोणी कोण व्हायचे. युधिष्ठिर म्हणतो, मी कंक नावाचा ब्राह्मण होईन आणि विराट राजाशी फासे खेळेन. भीम बल्लव नावाचा आचारी होणार, नकुल घोड्यांकडे बघणार, सहदेव गायींकडे. मला इथे नेहमी थबकायला होते. लपायला निघालेली ही माणसे स्वतःपासून फार लांब जातच नाहीत. ज्या फाशांनी राज्य घालवले, तेच फासे युधिष्ठिर पुन्हा हातात घेतो. कोणी विचारले तर काय सांगायचे, तेही ठरलेले: मी पूर्वी युधिष्ठिराचा जिवलग मित्र होतो. द्रौपदी राणीची दासी, सैरंध्री, होणार आणि सांगणार, मी द्रौपदीच्या पदरी होते. खोटे बोलायचे, पण खऱ्याला अगदी चिकटून.

अडचण अर्जुनाची. तो सव्यसाची, दोन्ही हातांनी सारखाच धनुष्य चालवणारा. दोरी घासून घासून त्याच्या दोन्ही बाहूंवर घट्टे पडलेले. असले हात ज्याला कळतात त्याला सांगावे लागत नाही की हा कोण. तेव्हा अर्जुन ठरवतो, हे घट्टे बांगड्यांखाली झाकायचे. शंखाच्या बांगड्या, कानांत कुंडले, लांब वेणी, नाव बृहन्नडा, काम राजकन्या उत्तरेला नाचगाणे शिकवण्याचे. म्हणजे हा वेष घ्यायचा म्हणून बांगड्या, असे नाही. घट्टे झाकायचे म्हणून बांगड्या, आणि बांगड्या म्हणून हा वेष, असा विचार उलटा चालला आहे असे मला वाटते. अर्जुनाला षंढ करणाऱ्या उर्वशीच्या शापाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत मात्र ती मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. शाप बाजूला ठेवला की उरतो तो आपल्या दोन हातांकडे बघत उपाय शोधणारा योद्धा. मला तो जास्त जवळचा वाटतो.

शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवर चढवतात आणि फांदीला एक प्रेत बांधतात, दुर्गंधीने कोणी जवळ फिरकू नये म्हणून. गुराख्यांनी विचारलेच तर उत्तर तयार: ही आमची एकशेऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची अशीच रीत आहे.

दहा महिने बरे जातात. मग विराटाचा सेनापती, राणी सुदेष्णेचा भाऊ कीचक सैरंध्रीच्या मागे लागतो. ती जीव वाचवायला राजसभेकडे धावते, तो तिचे केस धरतो आणि राजाच्या देखत तिला लाथ मारतो. सभेत कंक बसलेला आहे आणि बल्लवही तिथेच आहे. भीमाचे डोळे लाल होतात, दात करकरतात, तो उठणार एवढ्यात युधिष्ठिर आपल्या अंगठ्याने त्याचा अंगठा दाबतो. बस, एवढीच हालचाल. सगळ्या वर्षाचा भार त्या अंगठ्यावर आहे. मग तो द्रौपदीला म्हणतो की तुला वेळकाळ कळत नाही, नटीसारखी रडत इथे फिरतेस. मला या वाक्याचा राग येतो, आणि तो यावा अशीच ते लिहिणाऱ्याची इच्छा असणार. सभेत सोंग घेऊन बसलेला माणूस, जिचे रडणे तेवढे खरे आहे तिला नटी म्हणतो आहे.

त्या रात्री द्रौपदी स्वयंपाकघरात जाऊन झोपलेल्या भीमाला उठवते. इथे जे घडते ते माझ्या मते सगळ्या विराटपर्वाचे काळीज आहे. ती बोलते फार. युधिष्ठिराबद्दल बोलते, बांगड्या घातलेल्या अर्जुनाबद्दल बोलते. मग चंदनावर येते. एके काळी कुंती सोडली तर कोणासाठी मी उटणे उगाळले नाही, आणि आता राजासमोर उभी राहते तेव्हा मनात एकच धाकधूक असते: आज उटणे नीट जमले का? त्याला दुसऱ्या कोणी उगाळलेले चंदन आवडत नाही ना! एवढे सांगून ती दोन्ही हात पुढे करते. तळहातांना घट्टे पडलेले आहेत.

संस्कृतात दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे: किण. अर्जुनाच्या बाहूंवर किण, द्रौपदीच्या हातांवर किण. अर्जुनाचे घट्टे जुन्या आयुष्याचे, म्हणून ते झाकायचे. द्रौपदीचे घट्टे सोंगाचेच, वर्षभरात पडलेले. सैरंध्री होण्याचे नाटक करता करता हात खरोखरच दासीचे झाले. वेष वरवरचा राहत नाही, कामातून तो कातडीत उतरतो. भीम ते सुजलेले हात आपल्या तोंडाशी नेतो आणि रडतो. पुढे नाट्यशाळेच्या अंधारात त्याने कीचकाचा नुसता मांसाचा गोळा केला. ते सगळ्यांना आठवते, त्याआधीचे हे रडणे फारसे कोणी सांगत नाही.

कीचकाला आपल्याकडे मोठा मुक्काम मिळाला आहे. चिखलदऱ्याच्या लोकांना विचारा, ते सांगतील की भीमाने कीचकाला इथल्याच दरीत फेकले. कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला. सतराव्या शतकात मुक्तेश्वराने मराठीत आणलेल्या महाभारताची जी पर्वे आज मिळतात, त्यांत विराटपर्व आहे. आणि १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. वेषांतराची ही गोष्ट तिथे स्वतःच वेष पालटून उभी राहिली. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश, संयम सांगणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. नाटकात कर्झनचे नाव कुठेही नाही, तरी खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले आहेत हे थिएटरातल्या माणसांना पुरेसे होते. सरकारला हे ओळखायला थोडा वेळ लागला. १९१० साली नाटकावर बंदी आली. नाटक त्याआधी दोन-तीन वर्षे पौराणिक वेषात उघड वावरत होते, म्हणजे त्याचा अज्ञातवास पांडवांपेक्षा लांबला.

पुन्हा विराटनगरीत. कीचकाच्या मृत्यूची बातमी हस्तिनापुरात पोचते, आणि कौरव विराटाच्या गायी पळवायला येतात. राजपुत्र उत्तर बढाया मारतो, पण त्याला सारथी नाही. बृहन्नडेला बोलावतात. ती चिलखत मुद्दाम उलटे चढवायला जाते, मुली हसतात. उत्तरा सांगते, परत येताना योद्ध्यांची रंगीत तलम वस्त्रे आण, माझ्या बाहुल्यांना होतील. कौरवसेना पाहताच उत्तर रथातून उडी टाकून पळतो. बृहन्नडा त्याच्यामागे धावते, वेणी आणि तांबडी वस्त्रे वाऱ्यावर फडफडतात. कौरवांचे सैनिक हसतात, आणि त्यांच्यातल्याच काहींना शंका येते: चाल बाईसारखी नाही, बाहू तर अर्जुनाचे. मग शमीवरून गांडीव उतरते आणि दोरीला पुन्हा तोच हात लागतो.

लढाई जिंकून परतल्यावर त्याने उत्तरेला खरोखरच बाहुल्यांसाठी वस्त्रे आणून दिली. तेव्हाही तो तिच्या लेखी बृहन्नडाच होता. तिसऱ्या दिवशी पांडव राजाच्या आसनांवर जाऊन बसले आणि खरे उघड झाले. आनंदलेल्या विराटाने उत्तरा अर्जुनाला देऊ केली. अर्जुनाने नाही म्हटले. वर्षभर मी अंतःपुरात तिच्यासोबत राहिलो, तिने मला आचार्य मानले, पित्यासारखा विश्वास ठेवला. आता तिला पत्नी केले तर लोक संशय घेतील. सून म्हणून, अभिमन्यूसाठी, मी तिचा स्वीकार करतो. शंखाच्या बांगड्या एव्हाना उतरल्या होत्या. उत्तरेसाठी मात्र तो वर्षभर जो होता तोच राहिला.