बांगडी, लाटणे आणि डावे-उजवे रेणू

रसायनशास्त्राचा विषय कला महाविद्यालयाच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आकृती आणि तिची आरशातील प्रतिमा हा प्रश्न जितका शास्त्रज्ञाचा, तितकाच चित्रकाराचाही आहे.

डाव्या हाताचा हातमोजा उजव्या हातात नीट बसत नाही. कित्येक रेणूंचेही तसेच. अणू तेच, जोडणी तीच. परंतु एक दुसऱ्याची आरशातील प्रतिमा. शरीर हा भेद ओळखते, म्हणून औषधांच्या बाबतीत तो दुर्लक्षून चालत नाही. बहुधा हे डावे-उजवेपण चार निरनिराळे गट धारण करणाऱ्या कार्बन अणूपाशी असते. येथे ज्या रेणूंविषयी लिहावयाचे आहे, त्यांना असा एकही अणू लागत नाही!

लाटण्यात एक बांगडी कायमची अडकली आहे अशी कल्पना करा. बांगडीवर एकाच दिशेने धावणारे बाण रंगवा. लाटण्याची टोके सारखीच असल्याने ते उलटे धरले की बाणांची दिशाही उलटते. भेद उरत नाही. आता एक टोक तांबडे रंगवा. तांबड्या टोकाकडून पाहता बाण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे तरी फिरतील, नाही तर उलट. कितीही फिरवले तरी एकाचे दुसरे होणार नाही. गंमत अशी की, एकट्या बांगडीत किंवा एकट्या लाटण्यात डावे-उजवे काहीच नाही. ते केवळ अडकण्यात आहे.

अशा रेणूला रोटॅक्सेन म्हणतात. दोन कड्या एकमेकींत गुंतल्या की कॅटिनेन. १९६० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वासरमन यांनी पहिले कॅटिनेन केले, तेही बरेचसे योगायोगावर विसंबून. पुढच्याच वर्षी फ्रिश व वासरमन यांनी दिशा असलेल्या कड्यांच्या गुंफणीत डावे-उजवेपण संभवते हे मांडले. १९८३ मध्ये फ्रान्सच्या सोव्हाज यांनी तांब्याच्या आयनाभोवती तुकडे धरून ठेवण्याची युक्ती काढली (२०१६ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी), आणि गुंफण हाती आली.

हवा तो हात मात्र आला नाही. दांडी कड्यात या बाजूने शिरो वा त्या बाजूने, शक्यता सारखीच. म्हणून निम्मे डावे, निम्मे उजवे. त्यांचा वितळणबिंदू एक, विद्राव्यता एक. मग निवडायचे कसे?

२०१४ मध्ये इंग्लंडमधील बोर्डोली व गोल्डप यांनी शर्करेची मदत घेतली. निसर्गात ती एकाच हाताची मिळते. तिचा रेणू दांडीच्या टोकाशी बसवला की तयार होणारी दोन रोटॅक्सेने परस्परांच्या प्रतिमा राहत नाहीत. उजव्या पायात उजवा जोडा आणि उजव्याच पायात डावा जोडा, इतका फरक त्यांत पडतो! साध्या स्तंभातूनही ती वेगळी होतात. नंतर कडे निसटू न देता शर्करा दूर करायची. मागे राहते ते निव्वळ गुंफणीचे डावे-उजवेपण.

२०२० मध्ये गोल्डप यांच्या गटाने अशाच रोटॅक्सेनमध्ये सोन्याचा अणू बसवून त्याचा उत्प्रेरक म्हणून उपयोग केला, तेव्हा तयार होणाऱ्या नव्या रेणूंतही एका हाताचे रेणू अधिक निघाले.