पन्नाचा एकुलता बाप

नोव्हेंबर २००९मध्ये पेंचचा एक वाघ मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्रप्रकल्पात आणून सोडला. टी-३ हे त्याचे नाव. थोड्याच दिवसांत त्याने पेंचच्या दिशेने परतीची वाट धरली. रेडिओ कॉलरच्या खुणेवर वन कर्मचारी महिनाभर त्याच्या मागे होते. अखेर २५ डिसेंबरला त्याला बेशुद्ध करून परत आणले.

ही धावपळ सार्थकी लागली. शिकारीमुळे पन्नात एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्हाहून आणलेल्या वाघिणींना एप्रिल २०१०पासून पिल्ले होऊ लागली. आज तिथे पन्नासहून अधिक वाघ आहेत.

मात्र त्या पहिल्या पिढीचा बाप एकच, टी-३. आया वेगवेगळ्या जंगलांतल्या होत्या, हे पन्नाचे मोठे भाग्य. राजस्थानातल्या सरिस्काला ते लाभले नाही : तिथे २००८पासून वाघ आणले ते रणथंबोरहून, आणि जीनोम-अभ्यासात नात्यातल्या संकराच्या खुणा ठळक दिसल्या त्या नेमक्या रणथंबोरच्याच वाघांत.

सगोत्र सोयरीक टाळण्यामागचे जीवशास्त्र इथे लागू पडते. सदोष जनुकाची एकच प्रत असली तर दोष बहुधा झाकलेला राहतो; आईबाप जवळच्या नात्यातले असले की पिल्लाला दोन्हीकडून तीच प्रत मिळण्याचा संभव वाढतो. संख्या वाढत असतानाही हे आतल्या आत चालू राहते, म्हणून नुसत्या गणनेवर समाधान मानणे धोक्याचे.

ओडिशातल्या सिमलीपालमध्ये तर ते अंगावरच उमटले आहे. तिथल्या अनेक वाघांचे काळे पट्टे इतके रुंद, एकमेकांत मिसळलेले, की वाघच काळा भासतो. बेंगळुरूच्या ‘एनसीबीएस’ या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१मध्ये याचे कारण शोधले : एका जनुकातला बदल आणि एकाकी पडलेली, लहान वस्ती. नवे रक्त मिळावे म्हणून २०२४च्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या वाघिणी तिकडे नेल्या. झीनतनेही टी-३चाच कित्ता गिरवला. झारखंड ओलांडून ती पश्चिम बंगालमध्ये पोचली आणि बांकुऱ्यात पकडली गेली.

वाघाला चालायचेच असते. जंगले जोडलेली असली तर त्याच्याबरोबर जनुकेही चालतात. तुटली की पिंजरा आणि ट्रक लागतो. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४खाली प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या आहेत, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत ये-जा करणारे वाघ टिपले गेले आहेत. विदर्भातल्या प्रत्येक नव्या रस्त्याच्या आराखड्यात अशा वाटा पहिल्या दिवसापासून असायलाच हव्यात.