इलेक्ट्रिक गाडी घ्यायची? आधी घरची अर्थिंग आणि महिन्याचं रनिंग बघा

कारखान्याचं ऊसबिल किंवा डाळिंबाचे पैसे खात्यावर आले की घरात गाडीचा विषय निघतो. सध्या पारावर एकच वाद आहे, पेट्रोलची घ्यायची की इलेक्ट्रिक? एक जण म्हणतो, "दीड-दोन रुपयात किलोमीटर पळती." दुसरा म्हणतो, "लाइट गेली तर ढकलत आणायची का?" दोघांचंही बोलणं अर्धं खरं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांपुरता हिशेब मांडून बघितला तर कुणाला कोणती गाडी परवडते, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. लहान पेट्रोल गाडी गावच्या रस्त्यावर एसी लावून १६ चं ॲव्हरेज देते. म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. (पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, त्यातलं काही आपल्याच उसाचं, चांगलं आहे, पण त्यानं ॲव्हरेज थोडं उतरतं, हेही खरं.) लहान इलेक्ट्रिक गाडी घरच्या मीटरवरच्या एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते. सगळे आकार धरून युनिट १३ रुपयांना पडलं, तर किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. फरक साडेचार रुपयांचा.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर तो आधीपासूनच ५ टक्के आहे. तरीही त्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी अडीच-तीन लाखांनी महाग पडते. तीन लाखांचा फरक किलोमीटरला साडेचार रुपयांनी भरून काढायचा तर ६५ हजार किलोमीटरच्या पुढं गाडी पळावी लागते. रोज तालुक्याला नोकरीला जाणारा किंवा दुकानाचा माल आणणारा महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरतो, त्याचे पैसे पावणेचार वर्षांत निघतात. पण पुष्कळ घरांत गाडी महिन्यातून चारशे किलोमीटर फिरते. बाजार, दवाखाना, एखादं लग्न, बाकी दिवस पत्र्याखाली झाकून. त्यांना तेरा-चौदा वर्षं लागतील, आणि कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. अशा घरानं पेट्रोल गाडी घेतली तर मागासलेपणा वगैरे काही नाही, साधा व्यवहार आहे.

वीजबिलाचं मात्र लक्षात ठेवा. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे १४० च्या वर युनिट. ज्या घराचा वापर आज ९० युनिट आहे, ते घर १०० च्या स्लॅबमधून थेट २३० वर जातं. दीड हजार किलोमीटर पळवली तर ३०० चा स्लॅबही ओलांडतो, मग त्यावरच्या युनिटला आणखी जास्त दर. घरावर सोलर बसवलेल्यांचं गणित यात सगळ्यात चांगलं जमतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे आणि एवढं सोलर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतं.

खरी अडचण प्लगची

पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर २४ युनिटची बॅटरी रिकामी असेल तर भरायला नऊ तास लागतात. रात्री लावली, सकाळी तयार. पण त्यासाठी रात्रभर लाइट हवी, व्होल्टेज हवं आणि अर्थिंग हवी. गावाकडच्या कितीतरी घरांत अर्थिंगची तार भिंतीपर्यंत येते आणि तिथंच संपते. फॅन, टीव्ही त्यावर चालतात. गाडीचा चार्जर चालत नाही, अर्थिंग नसली की तो चार्जिंगच सुरू करत नाही. व्होल्टेज फार पडलं तर मध्येच बंद पडतो. डीपी जळाला तर गाडी जागेवर. पेट्रोल निदान मोटारसायकलवर जाऊन आणता तरी येतं.

वस्तीवर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दरानं आकारणी होते. घरगुती मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला हरकत नाही.

रेंजची भीती मात्र लोकांनी जरा जास्तच घेतली आहे. २४ युनिटच्या गाडीला कंपनी पावणेतीनशे किलोमीटर सांगते. एसी लावून, चौघं बसून १८० ते २०० धरा. मंगळवेढ्याहून सोलापूरला जाऊन-येऊन ११० किलोमीटर, पंढरपूरहून दीडशेच्या आत. अडतं ते पुण्याला. अडीचशे किलोमीटरात वाटेत एकदा तासभर थांबावंच लागतं, आणि लग्नसराईत चार्जरवर आधीच दोन गाड्या उभ्या असल्या की तासाचे तीन तास होतात. शिवाय बाहेरचं युनिट घरच्यापेक्षा बरंच महाग. टोलमाफी समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि अटल सेतूवर आहे. सोलापूर-पुणे रस्त्यावर टोल भरावाच लागतो.

हायब्रिडचं काय? 'स्मार्ट हायब्रिड' नाव बघून फसू नका. ती पेट्रोल गाडीच असते, मोटर फक्त थोडा हात लावते. खरी म्हणजे स्ट्राँग हायब्रिड, जी हळू वेगात काही अंतर बॅटरीवर जाते, तिला प्लग लागत नाही. डीपी जळो नाहीतर राहो. कंपनी लिटरला २७ च्या पुढं सांगते, हातात वीस-बावीस पडतं. पण किंमत पंधरा-सोळा लाखांच्या पुढं, आणि तिचा खरा फायदा शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. मोकळ्या हायवेवर तो कमी होतो. गावाकडं एवढे पैसे तिच्यात घालण्याजोगं कारण सहसा दिसत नाही.

इलेक्ट्रिक ठरलीच, तर बुकिंगआधी तीन कामं करा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आठवडाभर रात्री दहा आणि पहाटे चारला व्होल्टेज किती भरतं ते वहीत लिहा. आणि बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा. तो एक किलोवॅट असेल तर गाडीचा चार्जर एकटाच त्यापेक्षा जास्त ओढतो, म्हणून महावितरणकडं भार वाढवायचा अर्ज आधी द्या, गाडी नंतर आणा.